तेरा दिवस अजून व्हायचे आहेत

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

‘माझे वय ५७ आहे. माझे वडील नौदलात होते आणि ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री “आयएनएस खुकरी” बुडाली तेव्हा ते त्या जहाजावर इंजिनखोलीत कामाला होते. मी तीन वर्षांची होते, त्यांची एकुलती मुलगी. त्यांचा देह मिळाला नाही. घरी तार आली, पण आईने पालाशविधी (देह नसताना पळसाच्या पानांचा पुतळा करून करतात तो अंत्यविधी) करू दिला नाही. कोणी विषय काढलाच तर “येतले ते” एवढेच म्हणायची. बारा वर्षांनी एका सकाळी तिने आपणहून मंगळसूत्र काढून देवापुढे ठेवले आणि त्यानंतर त्याविषयी कधीही बोलली नाही. गेल्या श्रावणात ती वारली. ७८ वर्षांची होती.

तिच्या ट्रंकेत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बाबांची ३१ आंतर्देशीय पत्रे निघाली. मी वरचे एकच वाचले. ते नोव्हेंबर १९७१ चे आहे. त्यात लिहिले आहे, “बायचे पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारून पाठव, मुंबईहून चपला आणतो.” पुढे मला वाचवेना. चुलतभावाचे म्हणणे असे की नवराबायकोची पत्रे दुसऱ्या कोणी वाचू नयेत, आईच्या वर्षश्राद्धाला ती विसर्जित करावीत.

गावाने यंदा शाळेत बाबांचा अर्धपुतळा बसवायचे ठरवले आहे आणि ९ डिसेंबरला मी चार शब्द बोलावेत असा आग्रह आहे. निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात “शेवटच्या श्वासापर्यंत शत्रूशी झुंजले” असे छापायचे आहे. मला तर त्यांचा आवाजही आठवत नाही. लोक त्यांच्याविषयी भरभरून बोलतात तेव्हा माझे डोळे कोरडे राहतात आणि त्याची मला लाज वाटते. माझ्या आठ वर्षांच्या नातीने परवा विचारले, “पणजोबा घाबरले होते का?” मला उत्तर देता आले नाही. ज्यांची एकही आठवण नाही, त्यांचे स्मरण मी कशाने करू?

ता. क. आईचा फोटो बाबांच्या शेजारी लावला, तर ती आई आणि ते तिचा मुलगा वाटतात. नातेवाईक म्हणतात, आईचा लग्नातला फोटो लावा. काय करावे?’

ताई,

डोळे कोरडे राहतात याची लाज वाटण्याचे काहीही कारण नाही, हे सर्वांत आधी सांगते. तुमच्या आईने एक माणूस गमावला होता, त्याचे बोलणे, चालणे, जेवताना काय मागतो ते सगळे तिला ठाऊक होते. तुम्ही मात्र जाणत्या झालात तेव्हा ती जागा रिकामीच होती. तुमच्या वाट्याला आलेले दुःख तुमच्या आईच्या दुःखाहून वेगळ्या जातीचे आहे. व्यासपीठावरच्या भाषणाने ते हलत नाही, आणि चपलांच्या मापाच्या एका ओळीने ते हलले, हे तुमच्याच पत्रात लिहिलेले आहे. ‘पुढे मला वाचवेना’ असे लिहिणाऱ्या मुलीला आपल्या वडिलांविषयी काही वाटत नाही, असे कोण म्हणेल?

तुमचे पत्र वाचताना मला सारखे जाणवत राहिले ते वेगळेच. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की तेरा दिवस माणसे भेटायला येतात. ती नुसती डोळे पुसून जात नाहीत. ती बोलतात. गेलेल्या माणसाने कोणाला फीसाठी पैसे दिले होते, कोणत्या जत्रेत तो हरवला होता, विहिरीत उतरून कोणाची कळशी काढून दिली होती, हे सारे त्या तेरा दिवसांत ओटीवर बसून सांगितले जाते आणि घरातली लहान मुले दाराआडून ते ऐकत असतात. आपल्या पूर्वजांविषयी आपल्याला जे ठाऊक असते, त्यातले बरेचसे असेच दुसऱ्यांच्या तोंडून आलेले असते. आपल्या पणजोबांचा तापट स्वभाव आपण कुठे पाहिलेला असतो? तरी तो आपण आठवणीने सांगतो. तुमच्या घरात ते तेरा दिवस झालेच नाहीत. तुमच्या आईच्या दृष्टीने तुमचे बाबा यायचे होते, आणि जो यायचा आहे त्याच्याविषयी ‘तो असा होता’ हे शब्द तोंडातून काढणे म्हणजे त्याला आपणच मारणे. म्हणून ती बोलली नाही आणि तिच्यासमोर दुसरे कोणी बोलू धजले नाही. यात तिचा दोष नाही. चोविसाव्या वर्षी पदरात तीन वर्षांची मुलगी, आणि पाहायला देहही नाही, अशा बाईने वाट पाहायची ठरवली तर तिला कोणत्या तोंडाने नावे ठेवायची! पण त्या मौनाची किंमत तुम्हाला द्यावी लागली.

तेव्हा माझा सल्ला असा की ते तेरा दिवस तुम्ही आता धरावेत. सुतक म्हणून नव्हे. बाबांविषयी ज्यांना काही ठाऊक आहे त्यांच्याकडे आपण होऊन जायचे आणि ऐकायचे, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यांच्या बरोबरीची माणसे आज ऐंशीच्या पुढे गेलेली असणार, त्यामुळे हे काम अर्धपुतळ्याच्या आधी करावे. शाळेत त्यांच्या बाकावर कोण बसायचे, त्यांना पोहायला कोणी शिकवले, नौदलात भरती व्हायला ते कोणाबरोबर गेले, सुट्टीवर आले की संध्याकाळी कुठे बसायचे, असे साधे प्रश्न विचारा. ‘ते कसे होते?’ असे विचारलेत तर ‘देवमाणूस होता’ एवढेच उत्तर मिळेल. गेलेल्या सैनिकाविषयी दुसरे काही बोलायला माणसे बिचकतात. ते चिडत कशावरून, असे विचारलेत तर कदाचित माणूस भेटेल.

आता पत्रांविषयी. तुमच्या चुलतभावाचा संकोच मी समजू शकते, त्यामागे मर्यादेची जाण आहे. तरीही ती पत्रे विसर्जित करू नयेत, असे मी अगदी स्पष्ट सांगेन. तुमच्या आईला ती नष्ट करायची असती तर त्यासाठी तिच्याजवळ पन्नासहून अधिक वर्षे होती आणि घरात चूल होती. तिने ती कोकणातल्या दमट हवेत पत्र्याच्या डब्यात, वाळवी आणि कसर लागू न देता जपली. घरात तिच्यामागे तुम्हीच उरणार, हे तिला ठाऊक होते. जे ती तोंडाने सांगू शकली नाही, ते तिने डब्यात ठेवले असे मी मानते. तुम्ही वाचा. एका बैठकीत सगळी वाचू नका, रोज एक वाचलेत तर महिनाभर पुरतील. एखाद्या पत्रात त्या दोघांपुरतेच काही असेल तर तेवढे पान मिटून ठेवावे, ते नातवंडांना दाखवण्याचे कारण नाही. टपालाच्या शिक्क्यांवरच्या तारखा पाहून पत्रे क्रमाने लावा. नौदलातल्या माणसांची पत्रे त्या काळी मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसमार्फत येत-जात, कारण जहाज कुठे आहे हे पाकिटावर लिहीत नसत. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ते कोणत्या बंदरात होते हे कळणार नाही, पण मजकुरात पावसाचा, सणाचा, पगाराचा उल्लेख असतो, त्यावरून बरेच जुळवता येते. आंतर्देशीय पत्र घडीवर फाटते. तिथे चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. दिवसाउजेडी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवा, आणि मूळ पत्रे घड्या उलगडून, सपाट ठेवून, कोरड्या जागी जपा.

चपलांच्या त्या ओळीविषयी मी फार वेळ विचार करीत बसले. तुमच्या आईने तुमचे पाऊल कागदावर ठेवून रेघ मारली का, तो कागद मुंबईला पोचला का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि मीही त्यात सांत्वनाचे काही भरणार नाही. पण त्या ओळीत जे उघड दिसते ते पाहा. युद्ध तोंडावर आलेले असताना एक तरुण इंजिनखोलीतल्या कामातून वेळ काढून आपल्या मुलीच्या पायाचे माप मागवतो आहे. मुलीचा पाय आता किती वाढला असेल, हे आपल्याला अंदाजाने सांगता येणार नाही, एवढे दिवस आपण घरी गेलेलो नाही, हेही त्याने त्यातच कबूल केले आहे. तुम्हाला ते आठवत नाहीत, पण तुम्ही त्यांच्या ध्यानीमनी होतात याचा हा त्यांच्याच हातचा दाखला आहे. ९ डिसेंबरला चार शब्द बोलायचे असतील तर ही ओळ वाचून दाखवा. मला तरी याहून वेगळे भाषण सुचत नाही.

निमंत्रणपत्रिकेतले वाक्य मात्र बदलून घ्या. गावकऱ्यांची भावना सच्ची आहे, पण ‘झुंजले’ या शब्दाने डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते तसे त्या रात्री घडले नव्हते, आणि जे घडले ते कमी मोलाचे नाही. ‘खुकरी’ ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट होती. ४ डिसेंबरला आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याच्या बातम्या रेडिओवरून गावोगाव पोचल्या होत्या आणि देश आनंदात होता. त्याच दिवसांत शत्रूची पाणबुडी सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वावरत असल्याचे कळल्यावर तिला शोधायला ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या नौकांना पाठवण्यात आले. ती ‘हंगोर’ नावाची, फ्रान्समध्ये बांधलेली नव्या बनावटीची पाणबुडी होती आणि तिला आपल्या जहाजांचा सुगावा आधी लागला. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर ‘खुकरी’वर टॉर्पेडो आदळला आणि काही मिनिटांत जहाज बुडाले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. स्वातंत्र्यानंतर युद्धात आपल्या नौदलाने गमावलेले हे एकच लढाऊ जहाज आहे.

इंजिनखोली पाण्याच्या पातळीखाली असते. तिथल्या माणसाला समुद्र दिसत नाही, शत्रू दिसत नाही. त्याला यंत्रांचा आवाज ऐकू येतो आणि वरून येणारे हुकूम कळतात. पाणबुडीच्या शोधात निघालेल्या जहाजाच्या पोटात, धोका कोणत्या दिशेने येईल हे दिसत नसताना, आपल्या पाळीला जाऊन उभे राहणे, हे तुमच्या बाबांचे काम होते आणि ते काम ते करीत होते. पत्रिकेत ‘९ डिसेंबर १९७१ रोजी आयएनएस खुकरीवर कर्तव्यावर असताना वीरगती’ एवढे पुरे. त्यात एकही शब्द खोटा नाही, आणि पुढे तुमची नात मोठी होऊन स्वतः या घटनेविषयी वाचेल तेव्हा तिला काही खोडावे लागणार नाही.

त्या रात्रीच्या निर्णयांविषयी, जहाजाच्या वेगाविषयी, यंत्रणेच्या मर्यादांविषयी पुढे बरीच चर्चा झाली आहे. तुम्ही ती वाचाल तेव्हा राग येईल. तो येऊ द्या. वडिलांचा अभिमान बाळगणाऱ्या मुलीने रागावू नये असा काही नियम नाही. तुमच्या आईच्या वाट पाहण्यात गेलेल्या वर्षांचा हिशेब कोणाकडे मागायचा, हा प्रश्न रास्तच आहे आणि त्याला सरळ उत्तर नाही.

नातीच्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर देता येते. तिला सांगा, ‘घाबरले असतील. त्या रात्री जहाजावरचा प्रत्येक जण घाबरला असेल.’ मुलांना हे कळते. न घाबरणारा पणजोबा तिला कोणत्याही चित्रपटात भेटेल, तिला हवा आहे तो तिच्या घरातला. आणि मग चपलांची गोष्ट सांगा. शक्य असेल तर तिचेही पाऊल कागदावर ठेवून रेघ मारा, म्हणजे आपल्या पणजोबांनी नेमके काय मागवले होते हे तिला हाताने कळेल.

काही व्यावहारिक गोष्टी सांगायच्या राहिल्या. बाबांच्या सेवेची नोंद मिळवायची असेल तर आधी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. नौसैनिकांच्या नोंदी ठेवणारे कार्यालय मुंबईत मानखुर्दला आहे आणि तिथे अर्ज कसा करायचा हे जिल्हा कार्यालयातून सांगतील. आईच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या कागदांवर बाबांचा सेवाक्रमांक असेल, तो हाताशी असू द्या. त्या रात्री पाण्यात उतरून वाचलेल्यांपैकी कोणाचा पत्ता माजी नौसैनिकांच्या संघटनेकडून मिळाला तर त्यांना पत्र लिहा, पण त्यांनी बोलण्याची अपेक्षा धरू नका. काहींना अजूनही बोलवत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत, आणि तिथे रोज संध्याकाळी एका हुतात्म्याच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. त्यासाठी कुटुंबाला नाव नोंदवता येते.

पण दिल्लीच्या आधी दीवला जा, असे मी म्हणेन. तिथे समुद्राकडे तोंड केलेल्या उंचवट्यावर ‘खुकरी’ची प्रतिकृती काचेच्या घरात ठेवली आहे. मी गेले होते तेव्हा काचेवर खाऱ्या वाऱ्याचा पांढुरका थर साचला होता आणि एक माणूस तो ओल्या फडक्याने पुसत होता. पुसून झाले की आत जहाज स्पष्ट दिसे आणि पुसलेल्या काचेत मागचा समुद्रही दिसे. मी पुष्कळ वेळ तिथे उभी होते. ‘खुकरी’ हेच नाव पुढे माझगाव गोदीत बांधलेल्या एका युद्धनौकेला देण्यात आले. ती १९८९ पासून ३२ वर्षे नौदलात होती आणि निवृत्तीनंतर आता तीही दीवलाच ठेवली आहे. नातीला बरोबर न्या. मुंबईहून वेरावळपर्यंत रेल्वेने आणि तिथून साधारण ९० किलोमीटर रस्त्याने जाता येते.

वेरावळला उतरणारच आहात तर शेजारी सोमनाथ आहे. तिथल्या त्रिवेणी संगमावर, जिथे नद्या समुद्राला मिळतात, लोक पितरांचे तर्पण करतात. तुमच्या आईने जो विधी होऊ दिला नाही तो आता करावा की नाही, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या पत्राच्या पहिल्याच ओळींत पालाशविधीचा उल्लेख आला आहे, म्हणून लिहिते. विधीने तुमचे मन शांत होणार असेल तर अवश्य करा, आणि स्वतःच्या हाताने करा. मुलीला हा अधिकार नाही असे सांगणारे भेटतील. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने तर स्त्रियांना पौरोहित्य शिकवून आता कितीतरी वर्षे झाली आहेत, तेव्हा वडिलांसाठी मुलीने पाणी सोडण्यात कोणाला अडचण वाटू नये. दरवर्षीसाठी म्हणाल तर आपल्या पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्रादिहत पितरांचे श्राद्ध दिलेले असते. जे शस्त्राने गेले, युद्धात गेले, त्यांच्यासाठी आपल्या पूर्वजांनी म्हाळाच्या पंधरवड्यात वेगळा दिवस राखून ठेवला आहे. त्या दिवशी पितरांसाठी वाढलेल्या वाडीवर काय काय असावे हे तुम्हाला मी सांगायला नको. फक्त, बाबांना काय आवडायचे ते त्या ३१ पत्रांत कुठेतरी सापडते का, तेवढे पाहा.

आता फोटोविषयी. आईचा लग्नातला फोटो अल्बममध्ये असू द्या, भिंतीवर तो लावू नका. जसे दोघे आहेत तसेच शेजारी शेजारी राहू द्या, २९ वर्षांचे बाबा आणि ७८ वर्षांची आई. कोणी पाहुणा विचारील, हा मुलगा का? तेव्हा त्याला बसवून चहा द्या आणि बाबा गेल्यानंतर ती किती वर्षे जगली, तुम्हाला तिने कसे वाढवले, हे सांगा.